दगड ओळखायचा हिवाळा

तूर वाळत आली की वावरातून एक बारीक आवाज येतो. शेंगेतला दाणा सुटा झालेला असतो आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळं वावर खुळखुळतं. माझ्या लेकीचं घर चिखलीत, गावाच्या अगदी कडेला आहे. मागचं दार उघडलं की समोर कुणाचं तरी तुरीचं वावर. मार्गशीर्ष सरत येतो, सकाळची फरशी तळपायांना झोंबायला लागते, लांबून हुरड्याच्या आगटीचा धूर येतो, आणि एखाद्या दिवशी भांडी घासता घासता तो आवाज कानावर पडतो. मग पुढचे काही आठवडे मी या घरात असून नसल्यासारखी असते. हातातलं काम हात करतात, मन सासरच्या गावी, उंद्रीच्या नाल्यात उतरलेलं असतं.

त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला तरी माझे पाय थांबतात. एखादी गारगोटी उचलते. अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरतो. बहुतेक वेळा कळतं की हिला कुणी मुद्दाम फोडलेलं नाही, ही आपली आपण फुटली आहे. परत ठेवून देते. हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. घरातही मास्तरच. मी तोंडानं काहीच म्हणत नसे, पण मनात तेच म्हणायची, म्हणून इथेही तेच लिहिते.

माझं माहेर साखरखेर्ड्याचं. वडील मळ्यात वांगी, मिरची, मेथी काढायचे आणि बाजाराला न्यायचे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी सातवी पास झालेली होते, आणि एका वैशाखात लग्न होऊन उंद्रीला आले. सासरी दोनच माणसं, सासूबाई आणि मास्तर. सासरे आधीच गेलेले. माणसं कमी म्हणजे पोरीला सुख, असं माझी आई सगळ्यांना सांगत होती. पण माणसं कमी म्हणून बोलणं जास्त, असं काही होत नाही. नवऱ्यानं बायकोशी दिवसाउजेडी चार शब्द बोलावेत ही रीतच नव्हती. मास्तरांना काही हवं असलं तर ते आईला सांगत आणि आई मला. "त्याले पानी दे." "त्याले विचार, भाकर आता वाढू का मंग." मास्तर समोरच बसलेले असत. मी कुणाला विचारायचं आणि कुणी उत्तर द्यायचं, हे मला कळत नसे.

मास्तर वाईट नव्हते. शाळेवरून जाताना त्यांचा खणखणीत आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. पण घराच्या उंबऱ्याशी आले की चपलांबरोबर आवाजही बाहेर काढून ठेवत. वैशाखापासून दिवाळीपर्यंत आमच्यात जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. मला वाटायचं, मी यांना पसंत नसावे. असं वाटलं की मी चुलीपुढे जाऊन बसायची. धूर असला की डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही.

आमचं वावर गावाच्या उगवतीला, नाल्याच्या काठी होतं. कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, आणि नाल्यालगत हरभऱ्याची एक पट्टी. दिवाळीनंतर नाल्याचं पाणी आटून एका कडेनं वाहायला लागलं आणि मधला दगडगोट्यांचा पट्टा उघडा पडला. ऐतवारी शाळेला सुटी, म्हणून मास्तर वावरात जात. मी दुपारी भाकरी घेऊन जायची आणि येताना हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणायची. सासूबाईंना ती भाजी फार आवडायची.

त्या ऐतवारी मी पोचले तर मास्तर वावरात नव्हते. नाल्यात उकिडवे बसले होते. समोर उपरणं पसरलेलं, त्यावर दगड मांडलेले. मी काठावर शिदोरी ठेवून वळणार, तेवढ्यात हाक आली.

"इकडं ये."

आजूबाजूला दुसरं कोणीच नव्हतं, तरी मी मागं वळून पाहिलं.

"हे पाह्य," त्यांनी एक दगड पुढे केला. "काय दिसते?"

"दगड."

"अन् हा?"

"हाबी दगडच."

मास्तर हसले. त्यांचा समोरचा एक दात थोडा आडवा होता. इतक्या महिन्यांत तो मी पाहिलाच नव्हता.

लग्नाआधी ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नागपूरला गेले होते. तिथल्या अजबखान्यात त्यांनी काचेच्या पेटीत दगडी कुऱ्हाडी पाहिल्या होत्या. लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं, तेव्हाच्या माणसांनी केलेल्या. तिथल्या एका प्रोफेसरांनी सांगितलं होतं की अशी माणसं आपल्याकडच्या नदीनाल्यांच्या काठी राहत होती. तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात तेच. आपल्या नाल्याच्या काठीही कुणी राहिलं असेल का?

"पान्यानं घासलेला दगड असा राह्यते," त्यांनी एक गोटा दाखवला. "गोल, गुळगुळीत. वरून पडून फुटला तं कसाबी वेडावाकडा फुटते. पन मानसानं दगडावर दगड मारला, तं घाव बसला तिथं फुगवटा येते. अन् त्याच्यापासून लाटा निघतात. पान्यात खडा टाकला की निघतात ना, तशा. बोट लाव."

मी बोट लावलं. हरभऱ्याची भाजी खुडताना तिच्यावरची आंब बोटांना लागते, कातडी फाटते. माझी बोटं त्या दिवसांत सगळी चिरलेली होती.

"झोंबते," मी म्हटलं.

"झोंबते?" मास्तर एकदम पुढे सरकले. "म्हंजे धार हाय. मंग हा ठेवू."

आमचा संसार त्या वाक्यापासून सुरू झाला असं मी आज म्हणते. तेव्हा असलं काही सुचलं नव्हतं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की आपण बोललेलं या माणसानं ऐकलं.

मग दर ऐतवार तसाच. कडेवरचे टवके एकाच बाजूनं, एकामागून एक काढलेले असतील तर ते मुद्दाम. दोन्हीकडून कसेही उडाले असतील तर दगडाचं दुर्दैव. टवक्याची जागा ताजी, चकाकती असेल तर नांगराचा फाळ लागला असेल. बाकीच्या दगडासारखीच जुनी, मळकी, मऊ झाली असेल तर घाव जुना. मी दगड उचलायचा, मास्तरांनी विचारायचं, "नाल्यानं का मानसानं?" आणि मी सांगायचं. कधी मी बरोबर, कधी ते. कधी दोघांनाही कळत नसे, तेव्हा तो दगड आमच्या मधे पडून राहायचा आणि आम्ही शिदोरी सोडायचो. काठावर एका करंजाखाली थोडी सपाट जागा होती, तिथे, वावरातली तूर खुळखुळत असताना. जवसाची चटणी, भाकरी, हातावर फोडलेला कांदा. मी आधी त्यांना वाढून बाजूला बसायची. मग एका ऐतवारी ते म्हणाले, "तूबी घे. इथं कोन पाहाते?" सोबत जेवणं आमच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे आज लेकीला सांगूनही पटत नाही.

त्या जागेत एक खोड होती. बसलं की बारीक बारीक कपच्या टोचायच्या. लुगड्यातून, धोतरातून. मास्तर हातानं त्या झाडून टाकत आणि मग बैठक मारत. त्यांना हव्या होत्या अजबखान्यातल्यासारख्या तळहाताएवढ्या कुऱ्हाडी.

बोलणं दगडांवरून सुरू होई आणि कुठेही जाई. "त्या टायमाले बाया काय करत असतीन हो?" मी एकदा विचारलं. "मळे नाई, चूल हाय का नाई माईत नाई."

मास्तरांनी हातातला दगड खाली ठेवला. "दगड फोडत असतीन. पुरुषायनंच फोडले असं थोडंच हाय?"

आणखी एका ऐतवारी मी सांगून टाकलं, मला सातवीच्या पुढे शिकायचं होतं. पुढच्या ऐतवारी शिदोरी सोडायच्या आधी त्यांनी सदऱ्यातून आठवीचं भूगोलाचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. आणि त्याच दिवशी, खाली पाहत, नखानं माती उकरत म्हणाले, "घरात मी बोलत नाई, त्याचं तुले वाईट वाटत असंन. बाबा गेले तवापासून आईनं माह्या तोंडाकडे पाहूनच दिवस काढले. बायको आली अन् लेक गेला, असं तिले वाटू नये."

मी उगाच करंजाच्या पानांकडे पाहत राहिले. पसंत नसल्याचं ओझं मी इतके महिने वागवलं होतं. ते त्या करंजाखाली उतरलं.

घरात खाटेखाली दगडांची टोपली भरत चालली होती. सासूबाई झाडताना ती खराट्यानं ढकलत. "लोकायच्या घरात पायलीनं दाने येऊन राह्यले," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "अन् आमच्या घरात टोपलीनं दगडं." आम्ही सोबत बसतो हे त्यांना माहीत नव्हतं. सून भाकर देते, भाजी खुडते नि येते, एवढंच त्यांच्या लेखी.

माघात नागपूरचे प्रोफेसर यायचे ठरले. मास्तरांनी त्यांना कळवलं होतं, आणि चिखलीकडे काही कामानं येणार होते तेव्हा त्यांनी वेळ काढला. उंद्रीत ही बातमी कशी पसरली कोण जाणे. मास्तरांच्या दगडांना पाहायला नागपूरहून साहेब येऊन राह्यला! ज्या सासूबाई टोपलीला खराटा लावायच्या त्यांनीच आदल्या दिवशी ओसरी सारवली, आणि सकाळी पाहते तर दगडांची टोपली त्यांनी पाटावर ठेवली होती. पाटाभोवती रांगोळीची रेघ.

प्रोफेसर साधे, उन्हानं रापलेले गृहस्थ होते. ओसरीवर मांडी घालून बसले आणि एकेक दगड उचलून पाहायला लागले. अंगणात गावातली माणसं दाटीनं उभी. मी आतल्या दाराच्या फटीतून पाहत होते, सासूबाई माझ्या खांद्यामागून. प्रोफेसर दगड फिरवत, उजेडाला धरत आणि डाव्या हाताला ठेवत. उजवीकडे काहीच जाईना.

"हे पाण्याचं काम आहे, मास्तर," ते हळूच म्हणाले. "गोट्यावर गोटा आपटून असे टवके निघतात. आणि हे बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेखाली आलेले. हे बघा, हे माणसानं फोडलेत खरे, पण अलीकडे. चकमकीचे आहेत. चिलीम पेटवायला म्हातारी माणसं गारगोटीवर पोलाद मारायची ना, त्याचे."

मास्तर "हो" म्हणत होते. प्रत्येक दगडाला "हो." आवाज लहान होत होता. टोपलीचा तळ दिसायला लागला तेव्हा अंगणातून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, नाला आनखीन लय बाकी हाय! उद्या बैलबंडीच घेऊन जाजा!" हशा पिकला. मास्तरही हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

माझ्या खांद्यावर सासूबाईंचा हात घट्ट झाला.

प्रोफेसर हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही मोठेच दगड उचललेत. बारीक काही सापडलं का? नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे? पातळ पात्यांसारखे?"

"बारके..." मास्तर आठवायला लागले. "नाई बुवा. बारके म्या पाह्यलेच नाई."

पाहिले होते. हातानं झाडले होते, दर ऐतवारी. मला ते एकदम दिसलं, करंजाखालची जागा आणि मास्तरांचा झाडणारा हात. पण ते सांगणं सोपं नव्हतं. कारण ती जागा सांगायची म्हणजे आम्ही तिथे काय करतो ते सांगायचं. सगळ्या गावापुढे. आणि सासूबाईंपुढे.

पण बाहेर मास्तर ज्या रीतीनं मान खाली घालून बसले होते, ते मला पाहवेना.

"हायेत बारके," मी दाराआडून म्हटलं. आवाज माझाच आहे का, असं मला वाटलं. "करंजाखाली हायेत. आमी भाकर खायाले बसतो तिथं. बसलं का टोचतात."

"आमी" हा शब्द तिथे सगळ्यांना ऐकू गेला होता. मास्तरांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. खांद्यावरचा हात तसाच होता. मग त्या हातानं मला पुढे ढकललं.

"काऊन उभी राह्यली व?" सासूबाई म्हणाल्या. "जागा माईत हाय ना तुले? मंग जाय, दाखोव साहेबाले. माह्या लेकाले एकट्याले काऊन मान खाली घालून बसू देतं?"

मी पदर नीट केला आणि बाहेर आले. सासरच्या अंगणातून इतक्या पुरुषांसमोरून मी तोवर कधी चालत गेले नव्हते. पुढे मी, मागे प्रोफेसर आणि मास्तर, त्यांच्या मागे अर्धं गाव. हरभऱ्याला घाटे धरले होते. तूर सोंगून झाली होती आणि रिकाम्या धसकटांतून वारा सरळ येत होता.

करंजाखाली प्रोफेसर गुडघ्यांवर बसले. वरच्या कपच्या उचलून पाहिल्या आणि चाकू काढला. नाल्याच्या कडेला जिथे काठ तुटला होता तिथे काळ्या मातीखाली पिवळट मातीचा थर दिसत होता. तिथली माती ते चाकूच्या टोकानं अलगद उकरायला लागले. नांगर जिथे पोचत नाही, बंडीची धाव जिथे पोचत नाही, अशा खोलीवरून त्यांनी एक पातं काढलं. दुधी रंगाचं, बोटाच्या पेराएवढं. मग आणखी एक. मग एक छोटा गाभा, ज्यावरून अशी पाती काढतात तो. त्यांनी एक पातं त्या गाभ्यावर फिरवून पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि ते दुसरं पातं नेमकं आपल्या जागी बसलं. भेगसुद्धा दिसेना.

"हे नाल्याचं नाही," प्रोफेसर म्हणाले. "हे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथेच बसून काढलंय. काढलं आणि इथेच टाकलं." मग त्यांनी वर करंजाकडे, नाल्याकडे, मागच्या उंचवट्याकडे पाहिलं. "वारा अडतो, पाणी जवळ आहे, खालचं सगळं दिसतं. माणसाला बसावंसं वाटतं अशी जागा आहे ही. तुम्हालाही वाटलं, त्यांनाही वाटलं."

त्यांनी तो गाभा आणि ते पातं माझ्या हातात दिलं. आधी माझ्या, मग मास्तरांच्या. मी पातं उचलायची आणि परत बसवायची. किती वेळा केलं कोण जाणे. कुणीतरी एका दुपारी हे वेगळं केलं होतं आणि ते पुन्हा जुळवून पाहणारी मी होते. अंगणात हसलेला माणूस काठावरून वाकून विचारत होता, "मास्तर, मले पाहू द्या ना एकडाव."

पावसाळ्यानंतर नीट खोदून पाहायला येतो असं सांगून प्रोफेसर संध्याकाळच्या गाडीनं गेले. त्यांना गाडीत बसवून आम्ही दोघं परत निघालो. सगळे पांगले होते. मी सवयीनं मागे राहिले. मास्तर थोडं चालले, थांबले, वळले आणि म्हणाले, "विमल, सोबत चाल ना."

घरात मला तोवर कोणी नावानं हाक मारली नव्हती. सासूबाई "सूनबाई" म्हणत, शेजारी "मास्तरीन." आम्ही गावातून शेजारी शेजारी चालत घरी आलो. ओट्यांवरच्या बाया पाहत होत्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं आणि आत वळता वळता म्हणाल्या, "आता घरातच जेवत जा सोबत. नाल्यावर जायाची काई गरज नाई."

ही गोष्ट इथेच संपली असती तर मला तुरीचा आवाज ऐकून असं काही होत राहिलं नसतं.

त्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि करंजासकट तो काठ वाहून गेला. प्रोफेसर आले नाहीत. त्यांची दुसरीकडे बदली झाल्याचं कळलं. मास्तरांची सुलतानपूरला बदली झाली. मुलं झाली, आजारपणं झाली, सासूबाई गेल्या. मास्तर हेडमास्तर झाले. घरात बोलायला कोणाची मनाई नव्हती, पण आता बोलायचं ते भाजी आणायचं, फी भरायचं, कोणाचं लग्न कुठे आहे त्याचं. मास्तर चांगलेच होते. शेवटपर्यंत चांगले होते. मी आठवी, नववी, मॅट्रिक त्यांच्याच पुस्तकांवर केलं. पण त्यांच्यातलं ते पुढे सरकून "झोंबते?" विचारणं हळूहळू कुठे गेलं, मला कळलं नाही. एकदा सुलतानपूरला असताना मी म्हटलं, "ऐतवारी कुठं फिराले जाऊ ना, एखाद्या नाल्यावर." मास्तर वह्या तपासत होते. प्रेमानं म्हणाले, "आता कुठं वेळ हाय व." मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

ज्या माणसाबरोबर मी आयुष्य काढलं त्याची आठवण येणं साहजिक आहे. लोक तेच समजतात आणि मीही तेच सांगते. पण खरं म्हणजे मला ज्याची ओढ लागते तो त्या एका हिवाळ्यातला माणूस आहे. मास्तर जिवंत असतानाही मला तो आठवायचा. ते पलीकडच्या खाटेवर झोपलेले असत आणि मला त्यांची आठवण येत असे. हे असं कुणाला सांगावं?

यंदा तूर खुळखुळायला लागली तेव्हा मी लेकीला म्हटलं, मला उंद्रीला ने. तिला वाटलं देवाला जायचं असेल. दुपारी आम्ही जुन्या वावराच्या बांधावर पोचलो. वावर आता दुसऱ्याचं आहे. दुष्काळाच्या कामात तिथे कधीतरी बांध घातला होता, आणि नाल्याच्या जागी पाणी साठून शांत उभं होतं. दगडगोट्यांचा पट्टा नाही, काठ नाही. दोन बगळे होते.

मी बराच वेळ उभी राहिले तशी लेक जवळ आली.

"आई, इथं काय होतं?"

"इथं तुझे बाबा माझ्याशी बोलायचे."

तिच्या आठवणीतले बाबा म्हणजे चष्मा, वह्या आणि गप्प बसणं. "बाबा? आणि बोलायचे? काय बोलायचे?"

सांगायला मी तोंड उघडलं. सगळं डोळ्यांपुढे होतं, पण शब्दांत धरायला गेले तर हातात एकच गोष्ट येत होती.

"दगडांबद्दल," मी म्हटलं.

तिला हसू फुटलं. तिला हसताना पाहून मलाही आलं. आम्ही दोघी त्या बांधावर उभ्या राहून हसत होतो. मग तिचं थांबलं. माझं थांबेना, आणि ते आता हसू राहिलेलं नाही हे तिला कळायच्या आत मी तोंड पाण्याकडे फिरवलं.